बादली, मणी आणि मँगनीजचे ढिगारे : नागपूरच्या संशोधनाची पार्श्वभूमी

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० मध्ये त्यांनी मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा नागपूर विद्यापीठाच्या नावे केला आणि हेतूही नेमका सांगून ठेवला: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ही त्याची स्थापना. त्याआधी इथल्या मॉरिस आणि हिस्लॉप कॉलेजची मुलं अगोदर कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची परीक्षा द्यायची. शिकायचं ते वकिलीसाठी, नाहीतर सरकारी नोकरीसाठी. त्या काळात जमिनीतून पैसा काढलेल्या माणसाने ‘उपयोजित’ या शब्दावर बोट ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. अमरावती रोडवरची आपली एलआयटी. २०२३ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शंभरीच्याच वर्षी, तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

नागपुरात शिकलेल्यांनी समाजासाठी आणि निसर्गासाठी काय केलं, असं विचारलं की लगेच नावं घेतली जातात. इथेच वकिलीची पदवी घेतलेले बाबा आमटे हे त्यातलं पहिलं. ती नावं मोठी आहेतच. पण मला त्यांच्यासोबत काही वस्तू आठवतात, कारण या शहरातलं सगळ्यात चांगलं संशोधन शेवटी साध्या माणसाच्या हातात मावेल अशा वस्तूत उतरलं.

पहिली वस्तू म्हणजे नळ बसवलेली बादली.

१९५८ मध्ये केंद्र सरकारने नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था काढली. पिण्याचं पाणी, सांडपाणी आणि त्यातून पसरणारे रोग हा तिचा विषय. १९७४ मध्ये तिचं नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, झालं. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात पाण्यातल्या फ्लोराइडने माणसं वाकली होती. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही. ते खडकातून भूजलात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आखडतात, पाठ वाकते. हा प्रश्न आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही आहे. विहिरी आटल्या तसे बोअर खोल गेले आणि खोलातल्या पाण्यासोबत हे दुखणंही वर आलं.

नीरीच्या शास्त्रज्ञांनी त्यावर सत्तरच्या दशकात जो उपाय काढला, त्यातली मुख्य वस्तू कुठल्याही किराणा दुकानात मिळते. तुरटी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की माझी आजी तुरटीचा खडा हातात धरून घागरीत सात-आठ वेळा फिरवायची आणि घागर झाकून ठेवायची. सकाळी गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी. नीरीच्या या उपायाला नलगोंडा पद्धत म्हणतात, आणि तिच्यात तीच तुरटी मापाने येते. चाळीस लिटरची बादली घ्यायची, तिचा नळ बुडापासून तीन-चार बोटं वर. पाण्यात थोडा चुना, थोडी ब्लीचिंग पावडर आणि मग तुरटी. तुरटी किती, हे त्या गावच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि पाण्याच्या क्षारीपणावर ठरतं. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या ते पंचविसाव्या हिश्श्याइतका. दहा मिनिटं हळूहळू ढवळायचं, तासभर हात लावायचा नाही. फ्लोराइड गाळाला धरून खाली बसतं आणि नळातून वरचं पाणी घेता येतं. वीज लागत नाही.

या पद्धतीच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. तुरटी प्रमाणाबाहेर पडली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. गाळ रोज काढावा लागतो आणि तो टाकायचा कुठे हा प्रश्न राहतोच. माप करून देणारं, पाणी तपासणारं कोणी गावात नसेल तर बादली कोपऱ्यात पडून राहते. म्हणजे रसायन प्रयोगशाळेत सुटलं तरी रोज ढवळणारा हात गावातच तयार करावा लागतो.

दुसरी वस्तू गडचिरोलीतली, पण तिचं मूळ नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. १९४७ ला सुरू झालेल्या या कॉलेजातून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे शिकले आणि १९७३ मध्ये हेमलकशाला गेले. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला गेले. अभय आणि राणी बंगही मेडिकलचेच. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली.

तिथे बाळं न्यूमोनियाने जात होती. ओळखायची खूण सोपी आहे: दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण बाळाजवळ असायची दाई किंवा आई, आणि त्यांतल्या अनेकींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. बंग दाम्पत्याने मग लाकडी चौकटीत मण्यांच्या दोन ओळी बसवल्या, एक तान्ह्या बाळांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी, आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला की न्यूमोनिया. दोन्ही हातांच्या बोटांइतकं मोजता आलं की झालं. मेडिकलच्या शिक्षणाने त्यांना निदान शिकवलं होतं. दहापर्यंतच मोजू शकणाऱ्या बाईच्या हातात ते निदान कसं द्यायचं, हे त्यांना गडचिरोलीने शिकवलं. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०११ पासून ही सेवा देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

आता पुन्हा मँगनीजकडे. सावनेर तालुक्यात खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे. खनिज काढताना त्याच्या कितीतरी पट दगड-मुरूम बाजूला टाकला जातो आणि त्याचे डोंगर होतात. त्या ढिगाऱ्यावर पाणी ठरत नाही, नत्र नाही, कुजलेलं पान नाही. पाऊस पडला की सगळं धुपून आसपासच्या शेतात येतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नीरीच्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे झाडं लावायचं ठरवलं. ढिगाऱ्यात खड्डे खणले, साखर कारखान्यातली प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरणारी मळी, भरली, आणि रोपांच्या मुळांना सोबती दिले: हवेतला नत्र बांधणारे रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू, आणि दगडातला स्फुरद मुळापर्यंत आणणारी मायकोरायझा बुरशी. साग, शिसम, कडुनिंब तगले. पानं गळू लागली, कुजू लागली, आणि दगडावर मातीचा थर धरू लागला. एक कारखान्याचा टाकाऊ माल, एक खाणीचा, आणि मधे डोळ्यांना न दिसणारे जीव. ज्या खनिजाच्या पैशातून या शहरात एलआयटी उभी राहिली, त्याच खनिजाच्या जखमेवर इथल्याच विज्ञानाने झाडं उभी केली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात समाधानाचं पान वाटतं.

एक काम मात्र आपल्या दारातच राहिलं आहे. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावाखालून शहर ओलांडते, पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते. शहरात शिरली की ती सांडपाण्याची होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि हीच नदी लोकांच्या घरात आली. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं आणि पेंच धरणाचं तेवढं पाणी वाचतं, ही चांगली सुरुवात आहे. नदीसाठी साधारण दोन हजार कोटींची योजनाही मंजूर आहे. पण धंतोलीपासून पारडीपर्यंत काठावर राहणाऱ्या बाईला आज नदीत काय सोडलं गेलं हे स्वतः तपासता येईल, असं काही अजून तिच्या हातात आलेलं नाही. अमरावती रोडवर शिकणाऱ्या एखाद्या मुलीने ते बनवलं तर मला ते घेऊन अशोक चौकाच्या पुलावर उभं राहायचं आहे.