मिनियन वेगळा, दुबळा शत्रू वेगळा

रविवारी प्रताप नगरात आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत वीरांच्या भूमिका करायचा खेळ) टेबलावर पुन्हा तोच वाद झाला. सोळाव्या लेव्हलच्या पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या वीरांच्या टोळीने, एक ओगर (दांडगा राक्षस) जिवंत पकडला होता. त्याला बांधून गढीच्या तटावरून उतरवताना दोरी तुटली आणि ओगर दहा फूट खाली आपटला. खेळ मी चालवतो, शत्रूंचे आकडे माझ्या पडद्याआड असतात. एका पोट्ट्याने लगेच त्या पडद्याकडे बोट केलं, "मिनियन आहे ना तो? एकच हिट पॉइंट. मेला." हिट पॉइंट म्हणजे मार सोसायचे गुण, ते संपले की खेळ खलास. निम्म्या टेबलाने माना डोलावल्या. मेला काहून? काल रात्री जेवताना घोट घेऊन ठसका लागला असता तरी मेला असता का?

डी अँड डीची चौथी आवृत्ती 2008 मध्ये आली आणि तिने मिनियन, म्हणजे वीराचा एक वार लागला की पडणारा शत्रू, आणला, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. लोक मिनियन आणि दुबळा शत्रू एकाच टोपलीत टाकतात, आणि मग मिनियनच्या नियमाने खेळातल्या जगाची वाट लागते म्हणून नियमाच्याच नावाने बोटं मोडतात.

दुबळा शत्रू तुम्हाला माहीत आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला साधा गॉब्लिन घ्या: 7 हिट पॉइंट, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) 15. पहिल्या लेव्हलला भेटा की दहाव्या, कागद, म्हणजे त्याच्या आकड्यांचा तक्ता, तोच. तुम्ही वार करा, गावातला लोहार करो किंवा वरून दगड पडो, ते 7 सगळ्यांसाठी 7 च. त्याचा दुबळेपणा त्याच्या अंगात आहे. एवढं पुरे.

मिनियनला 1 हिट पॉइंट असतो, तो समोरच्याचं नुकसान फासा न टाकता ठरलेल्या आकड्याने करतो, आणि चार मिनियन मिळून एका साध्या शत्रूइतके धरतात. हे पाठ असणारे पुष्कळ भेटतात. पण तो 1 कशाचा, हे विचारलं की गाडी अडते. लोक म्हणतात, रक्ताचा. साफ चूक. तो 1 त्या ओगरच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही. या लेव्हलच्या वीरासमोर हा ओगर किती वेळ उभा राहील, एवढंच तो सांगतो.

नियमातच याचा पुरावा आहे. चौथ्या आवृत्तीत अनेक मोठे वार चुकले तरी अर्धं नुकसान करतात. मिनियनला मात्र चुकलेल्या वाराने कधीच काही होत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तो 1 खरंच अंगातला जीव असता, तर त्या अर्ध्या नुकसानाने आधी तोच मेला असता.

दुसरा पुरावा एक्सपीत, म्हणजे शत्रू हरवल्यावर मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांत आहे, आणि तो मला फार आवडतो. चौथ्या आवृत्तीच्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ओगर सॅव्हेज आठव्या लेव्हलचा आहे: 111 हिट पॉइंट, 350 एक्सपी. त्याच पुस्तकात ओगर ब्लजनिअर सोळाव्या लेव्हलचा मिनियन आहे: 1 हिट पॉइंट, आणि एक्सपी पुन्हा 350. हा योगायोग नाही. त्या आवृत्तीत एक्सपी दर चार लेव्हलना दुप्पट होतात, म्हणजे आठ लेव्हलना चौपट, आणि मिनियनला साध्या शत्रूच्या पाव एक्सपी मिळतात. हिशेब बरोबर जुळतो. जगाच्या दृष्टीने ओगर तेवढाच तगडा राहिला, फक्त त्याला मोजणारा वीर बदलला. म्हणून मिनियनचा आर्मर क्लासही बराच वर नेलेला असतो. जुन्याच कागदाने खेळलं असतं तर सोळाव्या लेव्हलच्या वीराचा जवळपास प्रत्येक वार लागला असता, पण 111 संपवायला चार-पाच वार गेले असते. मिनियन लागायला अवघड केला, आणि लागल्यावरची वजाबाकी मिटवली.

क्रिकेटमध्ये हे कोणाला समजवावं लागत नाही. विदर्भाच्या रणजी संघातला अकरावा फलंदाज कसोटीतल्या जलद गोलंदाजासमोर दोन चेंडू टिकणार नाही. त्यालाच आमच्या गल्लीत टेनिस बॉलवर उभा करा, दिवेलागणीपर्यंत पोट्टे नालीतून बॉल काढत बसतील. माणूस तोच आहे. त्याचे दोन चेंडू त्याच्या अंगावर कोरलेले नाहीत.

मग जग कधी फाटतं? वीरासाठी बनवलेला कागद तुम्ही भलत्याला मोजायला वापरता तेव्हा. सोळाव्या लेव्हलच्या मिनियनवर गावकरी भाले घेऊन धावले, तर त्यांचा वार वीसबाजूंच्या फाशावर फक्त 20 पडल्यावर लागेल, म्हणजे सरासरी वीस भाल्यांत एक ओगर आडवा. आता सॅव्हेजचा कागद घ्या. भाला चारातून एकदा लागतो आणि लागल्यावर साडेपाच हिट पॉइंट जातात असं धरलं, तरी ऐंशीच्या आसपास वार हवेत. वीस गावकऱ्यांनी पहिल्याच फेरीत ओगर पाडला, तर त्या गावाला वीरांची गरज काय? ओगरच्या धाकाने गाव ओस पडलं ही तुमची कथाच खोटी ठरली. दोष मात्र कागद निवडणाऱ्याचा. मिनियन आपसात लढवणं, त्यांना सापळ्यात पाडणं, पकडून नोकरीला ठेवणं, हे सगळं याच जातीचं. वीरांच्या हातून मरायला नसेल, तर मिनियनचा कागद बाजूला ठेवा.

एका ठिकाणी मात्र मी नियमाच्या बाजूने नाही. त्याच पुस्तकात पहिल्या लेव्हलचा कोबोल्ड मिनियन आहे, दुसऱ्या लेव्हलचा मानवी जमाव आहे. आठ लेव्हल मागे जाऊन त्यांचा जुना कागद शोधायला जागाच नाही. तिथे 1 खरोखर रक्तासारखा वागतो आणि दुबळा व मिनियन यांची सरमिसळ पुस्तकानेच केली आहे. मी तिथे मिनियन वापरतच नाही. चार-पाच हिट पॉइंट लिहितो आणि पुढे जातो.

बाकीच्या खेळांतले फरक किरकोळ आहेत. 2013 च्या थर्टीन्थ एज मध्ये एका मूकला (तिथल्या मिनियनचं नाव) मारून उरलेलं नुकसान पुढच्या मूकवर जातं. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये एक्स्ट्रा, म्हणजे किरकोळ पात्र, एका जखमेत बाद होतो. नावं वेगळी, कल्पना तीच.

जगाच्या सुसंगतीसाठी विचाराल तर मला 1978 च्या प्लेअर्स हँडबुकातला जुना तोडगा सर्वांत सरस वाटतो. एका हिट डायपेक्षा (हिट पॉइंट ठरवायचा फासा) कमी असलेल्या, म्हणजे अगदी दुबळ्या शत्रूंवर फायटरला, म्हणजे लढवय्या वीराला, त्याच्या लेव्हलइतके वार मिळायचे. शत्रूच्या कागदाला कोणी हात लावत नव्हतं, वीराचा हात चालायचा. हाच नियम ओगरपर्यंत ताणता येत नाही, म्हणून मिनियन लागतो.

रविवारी मी पडद्याआडचा कागद बदलला. ब्लजनिअर बाजूला ठेवला, सॅव्हेज बाहेर काढला. दहा फुटांच्या पडण्याला एक दहाबाजूंचा फासा, तो ज्याने वाद काढला त्यालाच टाकायला लावला. सहा पडले. 111 मधून सहा गेले, 105 उरले. ओगर धूळ झटकत उठून बसला, आणि त्याला पुन्हा बांधायला पार्टीकडे दुसरी दोरी नव्हती.