रोबोटिक सर्जरीचा मेडिक्लेम: प्रोस्टेट, किडनीचे क्लेम नेमके कुठे अडकतात

"रोबोटिक पॉलिसीत बसत नाही" असं इन्शुरन्स डेस्कवर अजूनही सर्रास सांगतात आणि लोक ते ऐकून गप्प बसतात. आधी हे डोक्यातून काढा. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांची नियामक संस्था) सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली, ते वगळता येत नाहीत. त्यात रोबोटिक सर्जरी आहे, प्रोस्टेटचं ग्रीन लेझर आणि होल्मियम लेझरही आहे, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून हे जुन्या पॉलिसींनाही लागू झालं. म्हणजे फक्त रोबोट वापरला म्हणून पूर्ण नकार देता येत नाही. पण कंपनीला मर्यादा घालायची मुभा आहे आणि खरा फटका तिथे बसतो. आरोग्य संजीवनी (सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटी असलेली) पॉलिसीत या बारा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्केच मिळतात, म्हणजे पाच लाखांची पॉलिसी असेल तर अडीच लाख. म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट' हा भाग शोधून वाचा आणि हॉस्पिटलकडून लेखी एस्टिमेट घ्या, त्यात रोबोटचा चार्ज वेगळा दाखवायला सांगा.

आता कागदांचं. केवायसी, पॉलिसीची कॉपी, रिपोर्ट, डॉक्टरांचं ॲडमिशनचं पत्र हे सगळे देतातच, त्यात कोणी अडकत नाही. अडकतात ते प्रीऑथ फॉर्मवरच्या (कॅशलेसची आगाऊ मंजुरी मागायचा फॉर्म) एका ओळीत: आजार कधीपासून आहे. हे हॉस्पिटलचे डॉक्टर भरतात, बऱ्याचदा घाईत. पेशंट सहज बोलून जातो की लघवीचा त्रास तीन-चार वर्षं आहे, तेच तिथे उतरतं, आणि पॉलिसी दोन वर्षांची असली की आजार आधीपासूनचा होता म्हणून क्लेम गेला. लघवीचा जुना त्रास वेगळा आणि बायोप्सीत आत्ता सापडलेला कॅन्सर वेगळा, हे फॉर्मवर स्वच्छ लिहून घ्या. खोटं काही लिहायचं नाहीये, पहिली तपासणी कधी, निदान कधी, या तारखा खऱ्या आणि वेगवेगळ्या लिहायच्यात. सही करायच्या आधी फॉर्म वाचायला मागा, लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

यातलाच दुसरा घोळ म्हणजे निदानाच्या जागी नुसतं 'बीपीएच' (कॅन्सर नसलेली प्रोस्टेटची वाढ) लिहिलेलं असणं. प्रोस्टेट वाढणं आणि मुतखडा यांना बऱ्याच पॉलिसींत २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, तेवढ्या काळात त्यांचा क्लेम मिळत नाही. कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर कॅन्सर असंच लिहिलेलं हवं, सोबत बायोप्सीचा रिपोर्ट (ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा असलेला), पीएसए (प्रोस्टेटची रक्त तपासणी) आणि एमआरआय. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पोर्ट केलेल्या (दुसऱ्या कंपनीकडे वळवलेल्या) पॉलिसीची जुनी वर्षंही त्यात धरली जातात, म्हणून जुन्या पॉलिसींच्या कॉप्या जपून ठेवा.

किडनीच्या गाठीवाल्यांनी हे नीट वाचा. टीपीएची (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी येते, "बायोप्सी रिपोर्ट पाठवा". तो नसतोच! किडनीच्या गाठीत ऑपरेशनआधी बायोप्सी बहुतेक वेळा करतच नाहीत, कॉन्ट्रास्ट सीटीवर निर्णय होतो आणि गाठ काढल्यावर ती तपासायला जाते. घरचे बिचारे फाइली उलथीपालथी करत बसतात आणि ऑपरेशन पुढे जातं. यावर उपाय एकच, सर्जनकडून लेटरहेडवर पत्र घ्यायचं: बायोप्सी का केली नाही, निदान कशावरून केलं, आणि ओपन किंवा दुर्बिणीऐवजी रोबोटिकच का. हा शेवटचा मुद्दा टाळू नका, कारण नियमातच 'वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तिथे' असं आहे. गाठ रक्तवाहिनीजवळ आहे, उरलेली किडनी वाचवायची आहे, आधी पोटाचं ऑपरेशन झालंय, असं जे खरं असेल ते स्पष्ट यायला हवं, "पेशंटच्या इच्छेनुसार" असं मात्र कुठेही नको. पीयूजे ऑब्स्ट्रक्शनमध्ये (किडनी आणि मूत्रनलिका जुळतात तिथला अडथळा) 'जन्मजात' या शब्दावरून नकार आला तर पॉलिसी उघडून बघा, वगळलेले असतात ते सहसा बाहेरून दिसणारे जन्मजात दोष, आणि हा दोष शरीराच्या आतला आहे.

तारखांचं गणित लोक हमखास चुकतात. ॲडमिशनच्या आधीचा खर्च अनेक पॉलिसींत फक्त ३० दिवसांचा मिळतो, काहींत ६०. प्रोस्टेटची बायोप्सी झाली की ऑपरेशनला साधारण सहा ते आठ आठवडे थांबतात, म्हणजे ३० दिवसवाल्या पॉलिसीत बायोप्सी आणि एमआरआयची बिलं बाहेरच पडतात. हे आधी माहीत असलेलं बरं, नंतर कंपनीशी भांडून उपयोग होत नाही. डिस्चार्जनंतरच्या बिलांची मुदतही वेगळी असते. आरोग्य संजीवनीत मुख्य क्लेम डिस्चार्जपासून ३० दिवसांत द्यायचा आणि नंतरच्या औषधं-तपासण्यांचा, तो उपचार संपल्यावर १५ दिवसांत. लोक सगळं एकदम देऊ म्हणून थांबतात आणि मुख्य क्लेमच उशिरा जातो.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर किमान ४८ तास आधी कळवा, खरं तर आठवडाभर आधीच कळवा, क्वेरीला उत्तर द्यायला वेळ लागतोच. २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो, पण कागद अर्धवट असले की क्वेरीमागून क्वेरी येते आणि तो तास कागदावरच राहतो. सुरुवातीची मंजुरी आली म्हणजे पूर्ण बिल मंजूर झालं असंही समजू नका.

नकार आला तर तोंडी ऐकून सोडू नका, पॉलिसीचं कुठलं कलम लावलं ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज द्या आणि पोच ठेवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, कार्यालय मुंबईत आहे, पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, फक्त कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. सोबत सर्जनचं ते पत्र, प्रीऑथ फॉर्मची कॉपी आणि सगळ्या क्वेरी-उत्तरांचे ईमेल लावा.