आत वळलेलं पाऊल: पट्ट्यांपासून बुटांपर्यंत

दर हजारात साधारण एक बाळ आत वळलेलं पाऊल घेऊन जन्माला येतं. टाच वर ओढलेली, तळवा आतल्या बाजूला फिरलेला. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे खापर अजूनही ग्रहणावर फुटतं. गरोदरपणी आईने ग्रहणात विळी धरली असेल, दुसरं काय! बहुतेक बाळांमध्ये नेमकं कारण हाती लागत नाही, पण ग्रहणाचा काही संबंध नाही.

उपाय मात्र फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 400 वर्षं हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलं होतं की बाळ लहान असतानाच पाऊल हाताने हळूहळू वळवावं आणि पट्ट्यांनी बांधावं. पुढच्या काळात हा हळुवारपणा मागे पडला आणि लोखंडी साचे, स्क्रू, जोरजबरदस्ती आली. 1831 मध्ये जर्मनीत सर्जन स्ट्रोमायर यांनी त्वचेला बारीकशी चीर देऊन टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, कापायला सुरुवात केली. लहानपणच्या पोलिओने पाऊल वाकडं झालेले लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल 1836 मध्ये त्यांच्याकडे गेले, स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली आणि परतून इंग्लंडमध्ये तीच सुरू केली. रुग्णच प्रचारक झाला.

विसाव्या शतकात अमेरिकेत हायरम काइट यांनी प्लास्टरचा आग्रह धरला. पण पाऊल वळवताना ते आधार चुकीच्या सांध्यावर घेत, त्यामुळे टाच अडकून राही आणि प्लास्टरं महिनोन् महिने चालत. कंटाळून सर्जन पुन्हा सुरीकडे वळले.

इथे इग्नासिओ पोन्सेती येतात. मिनोर्का बेटावरच्या घड्याळजीचा हा मुलगा स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींची हाडं जुळवत होता. पराभवानंतर देश सुटला. मेक्सिकोमार्गे 1941 मध्ये तो अमेरिकेतल्या आयोवाला पोहोचला. तिथे आधी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे पाय त्याने तपासले, तर ते ताठर, दुखरे निघाले. मग त्याने सांध्यांची रचना बारकाईने अभ्यासली. घोट्यातलं टॅलस हे हाड अंगठ्याने स्थिर धरायचं आणि बाकीचं पाऊल त्याभोवती बाहेर फिरवायचं. टाचेला हात लावायचा नाही, ती आपोआप जागेवर येते. सगळी मेख एवढीच.

दर आठवड्याला मांडीपर्यंत नवं प्लास्टर, गुडघा काटकोनात, बोटं उघडी. रंग निळसर पडला तर लगेच कळावं म्हणून. अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की बहुतेक बाळांची टाचेमागची शीर तेवढी जागेवर भूल देऊन कापतात, म्हणजे स्ट्रोमायरचीच युक्ती, आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. 1963 मध्ये पोन्सेतींनी शोधनिबंध छापला, पण सर्जन मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. 1995 मध्ये तीस वर्षांनंतरचे निकाल आले आणि ते चांगले होते. तरी पद्धत जगभर पसरवण्याचं बरंचसं श्रेय द्यायचं ते इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या आईबापांना. पोन्सेती 2009 मध्ये वारले.

महाराष्ट्राशी एक धागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला आणि त्यातल्या तपासणीत क्लबफूट आहे. सापडलेल्या बाळाचे उपचार मोफत होतात.

खरी कसोटी मात्र प्लास्टर संपल्यावर लागते. आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट, वाकडा पाय 60 ते 70 अंश बाहेर. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसू लागलं की घरचे म्हणतात, रडतंय तर काढा ते बूट. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा यामुळेच, आणि तेव्हा पुन्हा प्लास्टरपासून सुरुवात करावी लागते.