फ्लूची गोळी: चिठ्ठी का मागतो आणि कशी घ्यायची

"दादा, त्या स्वाइन फ्लूच्या चार गोळ्या द्या की. शेजारच्या पोराला झालाय, घरात असूदेत."

पावसाळा सुरू झाला की आमच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं. आम्ही नाही म्हटलं की गिऱ्हाईक फुगतं आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाकडे वळतं. म्हणून एकदा कागदावरच लिहून देतोय.

गोळीचं खरं नाव ऑसेल्टामिवीर. कंपनी बदलली की पट्टीवरचं नाव बदलतं, आतलं औषध तेच. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आठवत असेल, देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडेना. त्यानंतर कितीतरी वर्षं ही गोळी साध्या मेडिकलात मिळतच नव्हती. २०१७ मध्ये ती एच-१ परिशिष्टात (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी) आली आणि आमच्यासारख्या दुकानांना विकता येऊ लागली. पण अट आहे. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. नाव विचारतो ते चौकशी म्हणून नव्हे.

आता त्या 'चार गोळ्यां'बद्दल. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी, एक रात्री, असे पाच दिवस. म्हणजे दहा. चार घेऊन ताप उतरला म्हणून उरलेल्या डब्यात टाकणं, किंवा दोन भावांत वाटून घेणं, दोन्ही चुकीचं.

फ्लूचा विषाणू घशा-नाकातल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. नव्या प्रती पेशीला चिकटलेल्या असतात, त्या सुटून पुढच्या पेशीवर जातात. ही गोळी ती सुटका अडवते. आधीच सुटलेल्यांचं ती काही करू शकत नाही. म्हणूनच लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर गुण चांगला. "चार दिवस काढा पिऊन बघू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मात्र दवाखान्यात भरती करण्याइतका आजार असेल, तर उशीर झाला तरी डॉक्टर ती देतात.

खरं सांगायचं तर धडधाकट माणसाचा आजार या गोळीनं साधारण एक दिवसानं कमी होतो, जादू काही नाही. सरकारी सूचनांतही सौम्य ताप-खोकल्याला ती द्यायला सांगितलेली नाही; एक-दोन दिवस लक्ष ठेवायचं. ज्यांना लवकर द्यावी लागते ते वेगळे: गरोदर बाई, लहान मूल, ६५ च्या पुढचे, दमा, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेले. यांनी कणकण आली त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि पावसात इथं डेंग्यूचा तापही असतो, त्यावर ही गोळी चालत नाही, साध्या सर्दीवरही नाही. उरलेलं अँटिबायोटिक तर फ्लूच्या विषाणूला काहीच करत नाही.

किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आणि आम्हाला आधी सांगा, जुना क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असला तर आणा. डोस कमी करावा लागतो.

रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ, उलटी होऊ शकते. भाकरी, मऊ भात, काहीतरी पोटात असू द्या (तांबडा रस्सा नंतर, बरं वाटल्यावर). एखादी चुकली तर आठवताच घ्या. पुढच्या गोळीला दोनच तास उरले असतील तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, किंवा मूल वेड्यासारखं बडबडायला लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. काट्यावर वजन करूनच डॉक्टरांकडे न्या. पातळ औषध हलवून, सोबतच्या मापानंच द्या. चहाच्या चमच्याचा भरवसा नाही. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांत घोटाळा होतो, म्हणून बाटलीवर आम्ही मिलिलिटर पेनानं लिहून देतो. कॅप्सूलच उघडून द्यायला सांगितली असेल, तर भुकटी फार कडू लागते. गुळाच्या गोड पाण्यात कालवा. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं.

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी, थुंकीतून रक्त, किंवा उतरलेला ताप परत चढणं: यातलं काही दिसलं तर गोळीची वाट बघू नका, सरळ सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

औषध न्यायला तापलेल्या माणसाला दुकानात आणू नका. चिठ्ठी देऊन घरातलं दुसरं कोणी पाठवा, तोवर त्याला एका खोलीत झोपू द्या.