गोष्ट परत सांगता येते का?

पहिली-दुसरीतल्या मुलांच्या टीव्हीचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, किती वेळ बघू द्यायचा? त्याचं उत्तर ठरलेलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आतली मर्यादा सांगितली. झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांतला वेळ कापून टीव्ही बघायचा नाही, हेही त्यात आलंच. पण कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातल्या एखाद्या घरात पोरगं शाळेतून आलं, दप्तर टाकलं आणि रिमोट घेऊन बसलं, तर त्या तासाभरात ते काय बघतं? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी विचारला जातो.

निवडीसाठी मी एकच कसोटी सुचवेन. कार्यक्रम संपला की मुलाला ती गोष्ट सांगायला लावा.

ऐकताना जोडणीकडे लक्ष द्या. ‘मग तो आला, मग ढिशूम, मग तो पडला, मग दुसरा आला’ असं सांगणं म्हणजे चित्रांची यादी झाली. ‘त्याला आधीच सांगितलं हुतं, पण त्यानं ऐकलं न्हाई, म्हणून तो आत अडकला’ असं पोरगं म्हणालं तर ती गोष्ट त्याच्या डोक्यात उतरली आहे. एका घटनेमुळे दुसरी घडते, हे त्यानं स्वतः ओळखलं आहे. अमेरिकेत पॉल व्हॅन डेन ब्रूक, पनायोटा केंडेऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना काही गोष्टी ऐकवल्या, काही टीव्हीवर दाखवल्या आणि दोन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं. टीव्हीवरच्या गोष्टीतली कारणं ज्यांना नीट जोडता आली होती, त्यांना पुढे वाचलेलंही जास्त समजत होतं. याचा अर्थ पडद्यावरची गोष्ट समजून घेण्याचं कसब पुस्तक वाचतानाही कामी येतं.

हलत्या चित्रांनी पोरगं खिळून बसतं, त्याचं डोकं बंद पडतं, असं आपण धरून चालतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॅनियल अँडरसन यांनी ही समजूत तपासली. 1981 च्या प्रयोगात त्यांनी लहान मुलांच्या एका कार्यक्रमातले काही भाग बिघडवले. कुठे संवाद उलटे वाजवले, कुठे ते परक्या भाषेत घातले. चित्रं तितकीच रंगीत आणि हलती होती, तरी मुलांचं लक्ष उडालं. मुलं जे समजतं तेच बघतात. त्याआधी, 1979 मध्ये, पाच वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग तर मला फारच आवडतो. एका गटाजवळ खेळणी ठेवली होती, दुसऱ्याजवळ नव्हती. खेळणी नसलेल्या मुलांनी 87 टक्के वेळ पडद्याकडे बघितलं, खेळणाऱ्यांनी 44 टक्के. समज मात्र दोघांची सारखीच निघाली! खेळणारी मुलं कान उघडे ठेवून नेमक्या जागी मान वर करत होती. तेव्हा टीव्हीसमोर ठोकळे जुळवणाऱ्या मुलाला ‘एक काय ते कर’ म्हणून दटावू नका.

आपल्याकडे यात भाषेची भर पडते. कोल्हापुरातली मराठी शाळेतली मुलं हिंदीत डब केलेली कार्टून बघतात आणि त्यातून हिंदी उचलतातही. पण सहा वर्षांच्या मुलाला संवाद अर्धवट कळत असतील, तर हातात मारामारी आणि धावपळ एवढंच उरतं. शक्य असेल तिथे मराठी आवाज लावावा, किंवा शेजारी बसून मधूनमधून ‘हे का झालं रे?’ विचारावं.

शेवटी बोध असला म्हणजे कार्यक्रम चांगला, असं मानणाऱ्या पालकांना 2008 चा एक अभ्यास सांगायलाच हवा. मेरी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा यांनी बालवाडीतल्या मुलांना एका कार्टूनचा भाग दाखवला. तीन पायांचा एक कुत्रा येतो, इतर कुत्रे त्याला बिचकतात आणि शेवटी मैत्री करतात. वेगळ्या दिसणाऱ्या माणसांना सामावून घ्यावं, हा त्यातला मोठ्यांना दिसणारा बोध. बऱ्याच मुलांनी सांगितलं, तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागावं. कुत्र्यावरून माणसावर जाणारी उडी या वयात आपोआप घेतली जात नाही. म्हणून ज्या कार्यक्रमात वीस मिनिटं टिंगल, ढकलाढकली आणि शेवटच्या मिनिटाला ‘सॉरी’ आहे, तो मी घरात लावणार नाही. मुलाच्या लक्षात ती वीस मिनिटं राहतात.

वेगाबद्दलही बरंच बोललं जातं. अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांवर प्रयोग केला. काहींनी नऊ मिनिटं झपाट्यानं बदलणारं अद्भुत कार्टून बघितलं, काहींनी रोजच्या जगण्यातली संथ गोष्ट, काहींनी चित्रं काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, म्हणजे धीर धरणं, नियम लक्षात ठेवणं यांत, पहिला गट मागे पडला. लिलार्ड यांच्याच 2015 च्या प्रयोगांत दोष वेगापेक्षा अशक्य घटनांच्या माऱ्याकडे गेला. हा परिणाम किती टिकतो ते या चाचण्या सांगत नाहीत. तरी गृहपाठाच्या तोंडावर असलं कार्टून नको, एवढं यातून नक्की घेता येतं.

कार्टून दिसलं की ते मुलांचंच असणार, ही समजूतही सोडायला हवी. आपल्या पोरांना पाठ असलेला शिनचॅन 1990 मध्ये जपानमधल्या प्रौढांच्या साप्ताहिकातली चित्रकथा म्हणून सुरू झाला.

बातम्यांचा विचार तर अगदी वेगळा करावा लागतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याची तीच ती दृश्यं दिवसभर टीव्हीवर फिरत होती. लहान मुलाला प्रत्येक वेळी नवा पूर आल्यासारखं वाटू शकतं. भीतीवर अनेक वर्षं काम केलेल्या जोआन कँटर यांना दिसलं की सातेक वर्षांपर्यंतची मुलं भयानक दिसणाऱ्या गोष्टींना घाबरतात आणि त्यापुढची मुलं खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना. म्हणून गोष्टीतलं काही बघून घाबरलेल्या लहानग्याला ‘अरे, ते खोटं आहे’ सांगून फारसा उपयोग होत नाही. टीव्ही बंद करून जवळ घेतलं तर होतो. चौथीतल्या मुलाला मात्र समजावून सांगितलेलं पटतं. आज्जी संध्याकाळी मालिका बघत असेल आणि नातवंडं तिथेच खेळत असतील, तर त्या मालिकेतली भांडणं आणि किंकाळ्याही त्यांच्या कानावर पडतात. आज्जीला हे समजावून सांगितलं तर ती ऐकते. तिलाही नातवाची झोप हवी असते.

जाहिरातींचं थोडक्यात सांगतो. आपल्याला काही विकण्यासाठी हे चाललंय, हे साधारण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना कळतच नाही. ते सगळं खरं धरतात. शेजारी बसला असाल तर ‘हे दुकानदाराचं बोलणं आहे’ एवढं सांगा.

आणि पोरानं तीच गोष्ट पुन्हा मागितली तर लावून द्या. 1996 मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘ब्लूज क्लूज’ हा लहान मुलांचा कार्यक्रम एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचा. अँडरसन त्याचे सल्लागार होते. तपासणीत दिसलं की दिवसागणिक मुलांना गोष्ट जास्त कळत गेली आणि पडद्यावरून प्रश्न आला की ती अधिकाधिक मोठ्यानं उत्तरं देऊ लागली.