गतीच्या दिशेचे दृक्संवेदन

डोळ्यांसमोरची वस्तू कोणत्या दिशेने सरकते आहे हे ओळखण्याची दृष्टिसंस्थेची प्रक्रिया. दिशा डोळ्यांना आयती मिळते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दृष्टिपटलावर पडते ती उजेड-अंधाराची सरकती नक्षी. दिशा तिच्यातून काढावी लागते, आणि एकाच नक्षीतून अनेक दिशा निघू शकतात.

ही अडचण घरी पाहता येते. जाड कागदाला रुपयाएवढे गोल भोक पाडावे. दुसऱ्या कागदावर खालच्या डाव्या कोपऱ्याकडून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या समांतर तिरप्या रेघा ओढाव्यात आणि तो कागद भोकामागून उजवीकडे सरकवावा. रेघा उजवीकडे जाताना दिसत नाहीत; त्या खाली उजवीकडे, म्हणजे स्वतःच्या लांबीशी काटकोन करून सरकतात. आता तोच कागद सरळ खाली ओढावा. दृश्य तेच! रेघ स्वतःच्या लांबीच्या दिशेने कितीही सरकली तरी एका तुकड्याच्या जागी तसाच दुसरा तुकडा येतो, त्यामुळे ते सरकणे दिसायला मार्गच नसतो. उरतो तो काटकोनातला भाग. या अडचणीला छिद्र-समस्या म्हणतात.

प्लाइकार्ट श्टुम्फ यांनी 1911 मध्ये तिची नोंद केली होती, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विषयाचा पाया घातला तो हान्स वालाख (1904–1998) यांच्या 1935 च्या जर्मन निबंधाने. वालाख हे बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांचे विद्यार्थी. 1936 मध्ये ते अमेरिकेत स्वार्थमोर महाविद्यालयात गेले. या निबंधाचा इंग्रजी अनुवाद 1996 मध्ये निघाला, तोवर त्याचा उल्लेख करणारे पुष्कळ आणि तो वाचलेले थोडे, अशीच स्थिती असावी.

वालाख यांनी छिद्राचा आकार बदलून पाहिला. उभट चौकटीतून तिरप्या रेघा वर किंवा खाली जाताना दिसतात, आडव्या चौकटीतून डावी-उजवीकडे. रेघेच्या मधल्या भागाला निश्चित दिशा नसते, पण चौकटीच्या कडेला रेघ जिथे संपते त्या टोकाला असते. उभट चौकटीत बहुतेक टोके उभ्या कडांवरून सरकतात, आणि ती सगळ्या रेघेला आपल्या दिशेने ओढून नेतात. पाश्चात्त्य देशांत न्हाव्याच्या दुकानाबाहेर असणारा, आणि आता आपल्याकडेही काही सलूनच्या दारात दिसणारा, तिरप्या पट्ट्यांचा फिरता खांब याचेच उदाहरण आहे. नळकांडे जागच्या जागी फिरत असते, त्यावरचा एकही ठिपका वर चढत नाही. पट्टे मात्र अखंड चढताना किंवा उतरताना दिसतात. चौकटीतल्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिल्यास दिशा मध्येच पालटते, हेही वालाख यांनी नोंदवले.

पण टोक कोणाचे, हेही महत्त्वाचे. शिमोजो, सिल्व्हरमन व नाकायामा यांनी 1989 मध्ये दाखवले, की त्रिमित दृश्यात पट्टे चौकटीच्या मागे आहेत असे भासवले तर टोकांचा प्रभाव बराच ओसरतो. ते टोक पट्ट्याचे नव्हे, झाकणाऱ्या चौकटीचे, असा निवाडा दृष्टिसंस्था करते. दिशेचा प्रश्न अशा रीतीने पुढे-मागे काय आहे या प्रश्नात गुंतलेला असतो.

हे छिद्र केवळ प्रयोगशाळेतले नाही. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांनी 1959 मध्ये मांजराच्या मेंदूतल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्राचा अभ्यास मांडला, तेव्हा काही पेशी विशिष्ट दिशेने सरकणाऱ्या रेघेलाच जोरदार प्रतिसाद देतात असे आढळले. अशी प्रत्येक पेशी दृश्याचा लहानसा तुकडाच पाहते. म्हणजे तिच्यापुढे कायमच भोक पाडलेला कागद धरलेला असतो. तुकड्यांची जुळणी बरीचशी पुढच्या टप्प्यावर, मेंदूतल्या मध्य-शंख क्षेत्रात, म्हणजे मुख्यतः गतीला प्रतिसाद देणाऱ्या भागात होते. एडवर्ड एडलसन व अँथनी मव्हशन यांनी 1982 मध्ये दोन दिशांनी सरकणारे पट्टे एकावर एक ठेवले, तेव्हा योग्य परिस्थितीत पाहणाऱ्याला एकच चौकडी तिसऱ्याच दिशेने जाताना दिसली. माकडाच्या मध्य-शंख क्षेत्रातल्या काही पेशी सुट्या पट्ट्यांना प्रतिसाद देतात, तर काही अख्ख्या चौकडीच्या दिशेला. पॅक व बॉर्न यांनी 2001 मध्ये या जुळणीला लागणारा वेळही पकडला : तिथल्या पेशी प्रथम काटकोनातली दिशा दाखवतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात खऱ्या दिशेकडे वळतात.

हे क्षेत्र दिशेच्या अनुभवाला कारण होते, याचा थेट पुरावा सॉल्झमन, ब्रिटन व न्यूसम यांनी 1990 मध्ये दिला. एका दिशेला प्रतिसाद देणाऱ्या पेशींच्या पुंजक्याला सूक्ष्म विद्युत्प्रवाह दिल्यावर पडद्यावरच्या सरकत्या ठिपक्यांची दिशा सांगणारे माकड त्याच दिशेकडे झुकू लागले. उलट, योझेफ त्सील व सहकाऱ्यांनी 1983 मध्ये वर्णन केलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतला हा परिसर दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. तिला रंग, आकार ओळखता येत. गती मात्र जवळजवळ दिसत नसे. कपात पडणारा चहा तिला गोठल्यासारखा भासे, आणि पातळी चढताना दिसत नसल्याने कधी थांबावे हे कळत नसे. रस्ता ओलांडताना दूरची मोटार एकदम अंगाशी आलेली असे.

दिशा ही तुलनेनेही ठरते. कार्ल डुंकर यांनी 1929 मध्ये दाखवले, की भोवतालची चौकट हलली तर आतला स्थिर ठिपकाच उलट दिशेने सरकल्यासारखा दिसतो. शेजारच्या फलाटावरची लोकल सुटली की आपलीच गाडी मागे चालल्यासारखी वाटते, तिथेही डोळ्यांसमोरचे बहुतेक दृश्य व्यापणारी गाडी स्थिर धरली जाते. धबधब्याचा भ्रम निराळा. रॉबर्ट ॲडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यापाशी पडत्या पाण्याकडे काही वेळ पाहून नजर बाजूच्या खडकांवर नेली, तर खडक वर चढताना दिसले. खाली जाणाऱ्या गतीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मंदावतात आणि वरच्या दिशेच्या पेशींचे पारडे जड होते, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

तुकडे नेमके कोणत्या नियमाने जोडले जातात, याविषयी मतभेद आहेत. वाइस, सिमोन्सेली व एडलसन यांनी 2002 मध्ये मांडलेली कल्पना सर्वांत नेटकी वाटते : पुरावा अपुरा असेल तेव्हा दृष्टिसंस्था मंद गती अधिक संभाव्य मानते. भोकातल्या रेघेच्या सगळ्या शक्य गतींत काटकोनातली गती सर्वांत मंद असते, म्हणून तीच दिसते. अरुंद, तिरपा समभुज चौकोन आडवा सरकवला आणि तो पार्श्वभूमीहून ठळक असला तर तो आडवाच जाताना दिसतो. रंग फिका करत नेला, म्हणजेच पुरावा दुबळा केला, की तोच चौकोन तिरपा जाऊ लागतो.