ऊर्जा अवस्था आणि पदार्थाचं स्थैर्य

अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा ठेवता येत नाही, काही ठरावीक पातळ्याच मिळतात, त्यांना ऊर्जा अवस्था म्हणतात आणि सगळ्यात खालची ती ग्राउंड स्टेट. हायड्रोजनमधे ही −१३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक, उणे म्हणजे इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला) असते, त्याच्या वरची थेट −३.४ ला, मधे काहीच नाही. साध्या तापमानाला अणू एकमेकांवर आदळतात तेव्हाची ऊर्जा या १०.२ च्या फरकापेक्षा शेकडो पट कमी पडते, म्हणून इतक्या टकरा खाऊनही अणू जसाच्या तसा राहतो.

चिमूटभर मीठ ज्योतीत टाकून बघा, एकदम पिवळाजर्द उजेड पडतो. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि साधारण १६ नॅनोसेकंदात परत खाली येताना ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतो. वरची अवस्था टिकत नाही, खालची टिकते, कारण तिच्या खाली उतरायला जागाच नाही.

पण खाली जागा का नाही, खरा प्रश्न हा आहे. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत गमावत सेकंदाच्या साधारण दहा हजार कोटीव्या भागात केंद्रकात पडायला हवा. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मधे ठरावीक कक्षा मानल्या, पण त्या का हे तेव्हा सांगता येत नव्हतं, ते पुढे क्वांटम मेकॅनिक्सने, म्हणजे अणूएवढ्या सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राने, सांगितलं: इलेक्ट्रॉनला जितक्या छोट्या जागेत कोंडाल तितका त्याचा वेग वाढतो, आणि एका टप्प्यानंतर केंद्रकाकडे ओढलं जाऊन ऊर्जेचा जो फायदा मिळतो त्यापेक्षा या वेगाला लागणारा खर्चच जास्त होतो.

बऱ्याच ठिकाणी स्पष्टीकरण इथेच थांबवतात, ते मला अपुरं वाटतं. एक अणू टिकला म्हणून अब्जावधी अणूंचा दगड टिकेलच असं नाही. त्याला भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचा १९२५ चा नियम लागतो, दोन इलेक्ट्रॉन हुबेहूब एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. या नियमामुळेच पदार्थ टिकतो हे डायसन आणि लेनर्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६७ च्या सुमारास गणिताने सिद्ध केलं (फार अवघड सिद्धता होती, १९७५ मधे लीब आणि थिरिंग यांनी बरीच सोपी केली). हा नियम नसता तर पदार्थ जितका जास्त तितका तो आणखी घट्ट आकसला असता, आणि दोन दगड नुसते एकत्र आणले तरी प्रचंड ऊर्जा बाहेर पडली असती.

श्वेत बटू तारे (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे) याच नियमाच्या जोरावर स्वतःचं वजन पेलतात, पण फक्त सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंत, ही चंद्रशेखर मर्यादा. त्यापुढे या नियमामुळे येणारा इलेक्ट्रॉनांचा दाब गुरुत्वाकर्षणाला पुरत नाही.